घोड्याला नवीन अरीनाची सवय कशी लावायची

घोडा नवीन जागी आणला, दुसऱ्याच दिवशी सकाळी खोगीर चढवलं, अरीनात, म्हणजे घोडा फिरवायच्या कुंपण घातलेल्या वाळूच्या मैदानात, नेला आणि एका कोपऱ्यापाशी तो असा बुजला की स्वार वाळूत आणि घोडा गेटपाशी. ही तक्रार दरवर्षी ऐकायला मिळते, आणि सगळ्यात जास्त डिसेंबर-जानेवारीत, कारण दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार भरतो आणि तिथून घोडे पुणे, नाशिक, नगर, कोल्हापूर अशा सगळ्या दिशांना उतरतात. मालकाचं वाक्यही ठरलेलं असतं, "अहो, तिथे तर अगदी गरीब होता!" होताच ना, पण तिथे. घोडा जे शिकतो ते त्या जागेसकट शिकतो, म्हणजे झाड कुठे, टाकी कुठे, शेजारचा घोडा कुठून दिसतो हे सगळं त्याच्या लेखी धड्याचाच भाग असतं. जागा बदलली की धडा पुसला जात नाही, पण पहिल्या काही पानांची उजळणी करावी लागते, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

यात हट्टीपणा वगैरे काही नसतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला साडेतीनशे अंशांच्या आसपासचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं थोडं आणि शेपटीच्या सरळ मागचं दिसत नाही. म्हणजे तुम्ही समोरच्या पोलकडे बघत असता तेव्हा तो शेजारच्या शेताला डुकरांसाठी बांधलेली जुनी साडी पण बघत असतो, आणि ती फडफडली की तुमच्या आधी त्याला कळतं. ऐकायचं तेच, माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीतले आवाज त्याला येतात. वर तो पळणारा प्राणी, शंका आली की आधी पाय आणि मग विचार, हजारो वर्षं असाच वाचलाय. तुमच्या दोन दिवसांच्या घाईसाठी तो ते सोडणार नाहीये.

घोडा यायच्या आधीचं काम

हे काम घोड्याचं नाही, तुमचं आहे. अरीनाची पूर्ण फेरी पायी मारा, मोबाईल खिशात ठेवून. बाइंडिंग वायरचे तुकडे, खिळे, सुतळी, फुटलेली बाटली, वाळूत वर आलेला दगड, सगळं उचला. काटेरी तार असेल तर ती काढाच, ती गुरांसाठीही वाईटच पण घोड्यासाठी जास्त वाईट, कारण घोडा घाबरून सरळ तिच्यात शिरतो आणि अडकला की आणखी ओढतो. कुंपण चार-साडेचार फूट तरी हवं आणि लांबून दिसेल असं हवं, लाकूड किंवा पाईप किंवा रुंद पट्टी. बारीक तार त्याला पळताना दिसत नाही.

आणि कडेची झाडं बघा. फार्महाऊसच्या कुंपणाला आपल्याकडे हौसेने कण्हेर लावतात, गुलाबी फुलं छान दिसतात, पण कण्हेरीची थोडीशी पानं सुद्धा घोड्याच्या जिवावर बेततात, वाळलेली पण. नवीन जागी अस्वस्थ असलेला घोडा समोर येईल त्याला तोंड लावतो. घाणेरी आणि एरंड पण नकोच.

जमिनीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे पैसे वाचवायला जातात लोक. खाली मुरुमाचा दाबून केलेला थर आणि वर धुतलेली वाळू, दोन-तीन इंच. सहा इंच वाळू टाकली की घोडा मऊ जमिनीवर मस्त चालेल असं वाटतं, प्रत्यक्षात त्याला प्रत्येक पाऊल उपसावं लागतं आणि पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. आणि कडक, काळ्या मातीच्या किंवा डांबराच्या जागेवरून आलेला घोडा अशा खोल वाळूत पाय घालताना दचकतो सुद्धा, जमीन अशी सरकते हे त्याला माहीतच नसतं, आपण मात्र म्हणतो अरीनाला घाबरतोय. बूट घालून स्वतः चाला, टाच किती रुतते बघा. उन्हाळ्यात सकाळी पाणी मारा, धूळ घोड्याच्या फुफ्फुसात जाते आणि तुमच्याही. पावसाळ्यात डबकं साचत असेल तर ती जागा आधी भरून घ्या, चकाकणारं पाणी किती खोल आहे हे घोड्याला कळत नाही.

मग एक दिवस सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर अरीनात नुसते बसा आणि ऐका. विहिरीवरची मोटर कधी चालू होते, दूधवाल्याची गाडी कधी येते, शेजारचा तुषार संच कधी फिरतो, खडी क्रशरचा सुरुंग किती वाजता उडतो, उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली आणि फुल आवाजात गाणी लावून कोणत्या वेळी जातात. हे टाइमटेबल कागदावर लिहून काढा. पहिला आठवडा घोड्याला शांत वेळेतच न्यायचं आणि नंतर मुद्दाम एकेक आवाज त्यात आणायचा, हे टाइमटेबल हातात असल्याशिवाय जमत नाही.

कागदपत्रांचं पण सांगून टाकतो. बाहेरून आलेल्या घोड्याची ग्लँडर्स आणि ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या दोन रोगांची रक्ततपासणी झालेली हवी, नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पाठवा, या कामाची देशातली मुख्य संस्था हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. रिपोर्ट येईपर्यंत, आणि शक्यतो पहिले दोन-तीन आठवडे, नवीन घोडा बाकीच्यांपासून वेगळा, बादली वेगळी, खरारा वेगळा. तोवर त्याला अरीना लांबून बघू दे, दुसरे घोडे तिथे निवांत फिरतायत हे बघणं हेही ट्रेनिंगच आहे, आणि फुकटात होतंय.

पहिले दोन-तीन दिवस

सारंगखेड्याहून पुण्याकडे यायचं म्हणजे गाडीत दहा-बारा तास सहज जातात, आणि तेवढा वेळ घोडा तोल सांभाळत उभा असतो, बऱ्याचदा मान वर बांधलेली. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे मोरखी (तोंडाला बांधायची लगामाशिवायची दोरी) धरून सावकाश चालवणं आणि मान खाली घालू देणं, नाकातलं, घशातलं जे साठलंय ते निघून जातं. मग पाणी. नवीन जागेचं पाणी काही घोडे पीत नाहीत, वास वेगळा लागतो, तेव्हा आधीच्या मालकाकडून एक-दोन कॅन भरून आणलेले बरे, किंवा पाण्यात चिमूटभर मीठ-गूळ घालून बघा, शेजारी साधं पाणी ठेवून. चंदी (दाणा-खुराक) लगेच बदलू नका, पूर्वी जे खात होता तेच द्या आणि तुमचं खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्या. पोटदुखी ही घोड्याची सगळ्यात घाणेरडी गोष्ट, आणि प्रवास, कमी पाणी आणि बदललेली चंदी हे तिन्ही एकदम आले की तिला आमंत्रणच.

या दिवसांत रोज तो शांत उभा असताना थर्मामीटर लावा आणि जबड्याखालची नाडी मोजायला शिका. मोठ्या घोड्याची शांत असतानाची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 99 ते 101 फॅरनहाइट. हे आकडे फक्त आजारासाठी नाहीत. तबेल्यात उभ्या उभ्याच त्याची नाडी साठ असेल आणि ताप नसेल तर एक तर कुठेतरी दुखतंय किंवा त्याला अजून जागाच पटलेली नाहीये, दुखणं नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या आणि अरीनाचा विषय पुढे ढकला. शेण रोज बघा, घाबरलेला घोडा वारंवार आणि पातळ टाकतो. खाऊन, थोडी डुलकी काढून, खराऱ्याच्या वेळी ओठ लोंबवून उभा राहायला लागला की समजा हा आता पुढचं बघायला मोकळा आहे.

पहिल्यांदा आत नेताना

रिपोर्ट आला, वेगळं ठेवायचे दिवस संपले की मगच हे. खोगीर नाही, स्वार नाही. मोरखी आणि दहा-बारा फुटांची दोरी, जमल्यास लुंजिंगचं (लांब दोरीवर गोल फिरवायचं) कॅव्हेसन, म्हणजे नाकावर दोरीची कडी असलेली मोरखी. हातात ग्लोव्हज, डोक्यावर हेल्मेट, पायात बंद बूट. जमिनीवर उभं असताना हेल्मेट कशाला म्हणून हसणारे खूप भेटतील, हसू द्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, घड्या घालून पकडायची. आणि बरोबर एक म्हातारा, कशालाच न हलणारा घोडा घ्या, पुढे तो आणि पाच-सहा पावलं मागे नवीन. असा घोडा नसेल तर शांत माणूस पण चालतो, पण मग माणूस खरंच शांत हवा, सारखं "हो हो हो, ए बाबा" करणारा नको.

गेटपाशी थांबा. त्याला आत बघू दे. मान वर, कान पुढे ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, आणि एखादा मोठा फुर्र, हे सगळं ठीक आहे, तो माहिती गोळा करतोय. ओढू नका आणि मागून हाकलू पण नका. ज्या क्षणी मान बोटभर खाली येईल किंवा एक कान तुमच्याकडे वळेल त्या क्षणी चला. गेटमधून जाताना जागा मोकळी ठेवा, फाटक पूर्ण उघडून बांधून ठेवा, अर्धवट फाटक घोड्याच्या कमरेला लागलं की ते गेट त्याच्या डोक्यात कायमचं बसतं.

आत गेल्यावर कडेने एक फेरी डाव्या हाताला आणि मग तशीच उजव्या हाताला. दोन्ही बाजूंनी करणं हे अजिबात ऑप्शनल नाहीये. डाव्या डोळ्याने बघून मान्य केलेली टाकी उजव्या डोळ्याला, उलट दिशेने येताना, परत नवीन वाटू शकते, आणि लोक मग म्हणतात "आत्ता तर इथून गेला होता, नाटकं करतोय". नाटक नाही हो, घोड्याला नाटक जमत नाही.

तुम्ही कुठे चालताय याला फार महत्त्व आहे. घोडा घाबरला की घाबरवणाऱ्या वस्तूपासून लांब उडी मारतो. तेव्हा भीतीची वस्तू उजवीकडे असेल तर तुम्ही पण उजवीकडून चाला, म्हणजे उडी तुमच्यापासून लांब जाईल. नेहमी डावीकडूनच घोडा धरायची आपली जुनी सवय आहे, ती इथे सोडावी लागते, आणि त्यासाठी घोड्याला उजवीकडून धरून चालवायची प्रॅक्टिस तबेल्याच्या अंगणात आधीच करून घ्या.

पंधरा-वीस मिनिटं पुरे. शेवटी मधोमध उभं राहून मान खाजवा, त्याने ओठ चाटले, जांभई दिली, मागचा एक पाय सैल सोडला की बाहेर. तो चिडायच्या किंवा कंटाळायच्या आधी बाहेर. चांगलं चाललंय म्हणून "अजून थोडं" करत राहायचा मोह होतो आणि त्या अजून थोड्यातच काहीतरी फाटतं.

भुताचा कोपरा

प्रत्येक अरीनात एक असतोच. आमच्याकडे तो पलीकडचा उजवा कोपरा आहे, कारण कुंपणापलीकडे टोमॅटोचं शेत आणि त्यावर मल्चिंगचा चंदेरी प्लॅस्टिक पेपर. सारंगखेड्याहून आलेली एक मारवाडी घोडी, वरातीत नाचून आलेली, डीजेला, फटाक्यांना न हलणारी, या पेपरपुढे पार खिळून गेली. सकाळचं ऊन त्यावर पडलं की पूर्ण पट्टा चमकायचा, वारा आला की कडा हलायची. ती तीस फुटांवर थांबायची, मान कमानीसारखी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली (मारवाडीचे कान तसेही आत वळलेले असतात, घाबरली की जवळजवळ गाठच बसते), आणि पोटाखालची शीर टरारलेली दिसायची.

तेव्हा जे केलं ते कुठल्याही कोपऱ्यासाठी चालतं. तीस फुटांवर ती थांबली तर आपणही तीस फुटांवर थांबलो, पुढे नाही. दोरी सैल. ती बघतीये तोवर बघू दे. थोडी सैल पडली, एक श्वास सोडला, की तिने स्वतः वळायच्या आधी आपण तिला वळवलं आणि लांब नेलं. हेच खरं कौशल्य आहे, ती पळून जायच्या आधी "चल जाऊ" असं आपण म्हणायचं, म्हणजे लांब जायचा निर्णय पण आपला राहतो आणि तिलाही कळतं की इथून बाहेर पडता येतं. लांब जाऊन एक चक्कर, परत जवळ, या वेळी पंचवीस फूट. परत वळलो. कधी पाच फूट पुढे, कधी उलट दहा फूट मागे, कारण त्या दिवशी वारा होता. मग एक दिवस तिने स्वतःच मान लांब केली, नाक कुंपणापर्यंत नेलं, पेपरला जोरात फुर्र केलं आणि त्याच्या कडेचं गवत खायला लागली. त्यानंतर त्या शेतात काय वाजलं-हललं तरी तिने मान वर केली नाही.

चाबूक मारून कोपऱ्यात घालणारे लोक आहेत, आणि घोडा जातो सुद्धा, नाही असं नाही. पण मग त्याच्या हिशोबात दोन गोष्टी जोडल्या जातात, तो कोपरा आणि मार, म्हणजे पुढच्या वेळी त्याला घाबरायला एक कारण जास्त. हातातून गाजर दाखवून ओढत नेणं पण मला पसंत नाही, घोडा गाजराकडे बघत पुढे जातो आणि अचानक लक्षात येतं आपण कुठे आलोय, तेव्हा दुप्पट दचकतो. गाजर द्यायचंच तर त्या कोपऱ्यातल्या बादलीत टाकून ठेवा, तो स्वतःहून पोचला की त्याला मिळू दे.

मोकळं सोडणं आणि लुंजिंग

यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात पहिल्याच दिवशी मोकळा सोडा, पळून पळून जागा ओळखेल. मी म्हणतो चालत ओळख झाल्यावर सोडा, कारण अनोळखी कुंपण, अनोळखी वाळू आणि पूर्ण वेग हे एकत्र आलं की पाय मोडायला वेळ लागत नाही. राऊंड पेन (गोल कुंपण) असेल तर त्यात आधी, ते साधारण साठ फूट व्यासाचं असतं. सोडताना त्याला गेटकडे तोंड करून उभं करा, तुम्ही गेटजवळ, मोरखी काढा आणि बाजूला व्हा, कारण बरेच घोडे सुटल्या सुटल्या मागच्या पायांनी एक लाथ हवेत मारून मगच पळतात. ओली वाळू असेल तर नाही सोडायचं.

लुंजिंगचं सांगायचं तर ते दमवण्यासाठी वापरू नका, हे अगदी हात जोडून. गोल गोल पळवून दमवलेला घोडा शांत दिसतो, पण तो शांत झालेला नसतो, थकलेला असतो, आणि रोज दमवलात तर महिन्याभरात फक्त त्याचा स्टॅमिना वाढतो, मग दमायला अर्धा तास जास्त. शिवाय छोट्या गोलात सांध्यांवर ताण येतो. दहा-पंधरा मिनिटं, मोठा गोल, दोन्ही बाजू सारख्या, त्यात चालणं, थांबणं, दुडकी, परत चालणं. आपल्याला बघायचंय काय तर त्याचा एक कान आपल्याकडे आहे का, थांब म्हटल्यावर थांबतो का. हे नवीन जागी जमलं तर वर बसायचं बघू.

पहिली रपेट

शांत वेळ, ओळखीचं सामान. नवीन खोगीर, नवीन लगाम, नवीन स्वार हे सगळं नवीन अरीनासोबत एकाच दिवशी नको. खोगीर आधी नुसतं चढवून हाताने दोन फेऱ्या चालवा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) परत तपासा, घाबरलेला घोडा पोट फुगवून धरतो आणि दहा मिनिटांनी तंग ढिला निघतो.

वर बसल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त कदम चाल. लगाम लांब पण हातात, मांड खोल, पाय पोटाला हलके लागलेले, कारण पाय अजिबात न लावता बसलात आणि गरज पडली तेव्हा एकदम लावलेत तर तो स्पर्शच त्याला दचकवतो. भीतीच्या वस्तूकडे तुम्ही टक लावून बघू नका, तुमची नजर आणि खांदे जिकडे तिकडे घोडा, तेव्हा पुढच्या वळणाकडे बघा. त्या वस्तूच्या बाजूने जाताना घोड्याचं नाक थोडं आतल्या बाजूला वळवा, वस्तूपासून लांब. बहुतेक लोक उलटं करतात, नाक वस्तूकडे धरून "बघ काही नाहीये" म्हणतात, आणि घोड्याचा खांदा आत सुटतो आणि उडी बसते.

आणि मोजूनमापून तेच करायला सांगा जे त्याला डोळे मिटून येतं. थांब, चाल, मोठा गोल, दिशा बदल. नवीन काही नाही. घोड्याचं डोकं कामात गुंतलं की बाहेरचं कमी दिसतं, पण काम सोपं हवं, अवघड काम आणि अवघड जागा एकत्र केलीत तर दोन्ही हातचं जातं. दुडकी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, चौखूर त्याच्या नंतर, आणि तेही तो दुडकीत मान खाली सोडायला लागला की. मारवाडी, काठेवाडी घोडा घाबरल्यावर रेवाल या भरभर, न हिंदकळणाऱ्या चालीत शिरतो बऱ्याचदा, बसायला मस्त वाटतं, लोक खूश होतात, पण पाठ आवळलेली असते, तेव्हा ती मजा घेऊ नका, परत कदमवर आणा.

कुठून आलाय त्यावरून

रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड हा वेगळाच प्राणी. त्याला मोठ्या मैदानात एका दिशेने पळायची सवय, चार भिंतींच्या आत वळत राहणं त्याला माहीत नाही, आणि लगाम ओढला की तो लगामावर रेलून आणखी पळतो, कारण तिथे तसंच शिकवलंय. जॉकीला पाय धरून वर उचलून बसवतात, त्यामुळे स्टुलाशेजारी शांत उभं राहणं हा त्याच्यासाठी वेगळा धडा, तो अरीनात जायच्या आधी तबेल्यात शिकवा. तो वर्षानुवर्षं घोड्यांच्या घोळक्यात काम करत आलाय, एकटा अरीनात गेला की हाका मारत बसतो, सोबती द्याच.

वरातीचा घोडा आवाजाला पक्का पण मोकळ्या जागेला कच्चा. त्याला कायम कोणीतरी तोंडाशी धरून चालवलंय, समोर मोकळी वाळू आणि कोणी धरायला नाही म्हटल्यावर तो गोंधळतो. त्यात त्याच्या तोंडात काटेरी लगाम वापरला गेला असेल तर हिरड्या आणि जीभ तपासून घ्या. भारवाहू जनावरांच्या 1965 च्या नियमांप्रमाणे काटेरी लगामावर बंदी आहे, तरी वापरतात. अशा घोड्याला काही महिने लगाम न घालता मोरखीवरच काम द्या.

बाकी आपल्या भीमथडी तट्टांबद्दल एवढंच, डोंगरदऱ्यांत धनगरांच्या वाड्याबरोबर (मेंढ्या आणि बिऱ्हाडासोबत) चालत आलेलं तट्टू नवीन जागी पाय ठेवायला फारसं घाबरत नाही, त्याचा प्रश्न उलटा असतो, ते कुंपणाच्या फटीतून बाहेर कसं पडायचं हे पहिल्या दिवशीच शोधून ठेवतं.

छप्पर, दिवे आणि पाऊस

अरीना शेडमध्ये असेल तर दारात थांबायला विसरू नका. भर उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये गेलं की घोड्याच्या डोळ्याला जुळवून घ्यायला माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तोवर त्याला समोर काळोख दिसतो. उंबऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं उभं राहिलात तर अर्धी भांडणं होतच नाहीत. जमिनीवरच्या खांबांच्या सावल्यांवरून उड्या मारेल, मारू दे, रागवू नका. पत्र्यावर पहिला पाऊस पडला की तो आवाज हा वेगळा प्राणी असतो, म्हणून मे महिन्यातच पाईपने पत्र्यावर पाणी मारून त्याला ऐकवा, आधी तो बाहेर लांब उभा असताना, मग आत.

रात्री फ्लडलाइटमध्ये काम करायचं असेल तर दिवे लावलेल्या अरीनात परत पहिल्या दिवसापासून, म्हणजे हाताने धरून चालणं, दोन्ही बाजू. दिवसा ओळखलेली जागा त्याच्यासाठी रात्री तीच नसते. सुदैवाने दुसऱ्यांदा हे सगळं दोन-तीन वेळांत उरकतं.

तीन-चार आठवडे नीट केलं आणि तरी घोडा त्याच कोपऱ्यात, त्याच हाताला, रोज तसाच उडतोय, तर कोपऱ्याचा विचार सोडा. एकाच हाताला वळताना त्रास म्हणजे पाय, पाठ, दात किंवा खोगीर. नाल शेवटचे कधी मारले बघा, सहा आठवड्यांच्या पुढे गेले असतील तर आधी नालबंदाला बोलवा, मग घोड्यांचे काम माहीत असलेल्या डॉक्टरांकडून दात आणि एक एक डोळा तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसणारा घोडा त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बुजतो, आणि त्याला पुढे जो काही सराव द्यायचा तो मग डॉक्टरांचं म्हणणं कळल्यावरच ठरवा.